तीन नंबरची पेटी

३० जून १८७९, सोमवार. वेस्ट ॲडिसन, ओहायो

ऑरिन आज सकाळी गेला. कारखान्यात, रंधा हातात असताना. मी कॉफीसाठी हाक मारली, ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली, आणि मग हाका मारण्यात अर्थ नाही हे रंध्याचा आवाज थांबला होता त्यावरूनच कळलं. भुशात आडवा झाला होता. चष्मासुद्धा फुटला नव्हता.

एकोणतीस वर्षं आम्ही दोघांनी या गावातले मेलेले तयार केले. तो पेट्या करायचा आणि मी माणसं. अंघोळ, दाढी, केस, कपडे, चेहरा. दिवाणखान्यात लोक म्हणायचे, "ऑरिन ब्लॉजेटने काय सुंदर ठेवलाय हो!" तेव्हा मी मागच्या पंपावर हात धूत असायचे.

माझी नणंद ड्रुसिला धावत आली. "तू हात लावू नकोस गं. बायकोने नसतं करायचं. मी शेजारच्या बायकांना बोलावते."

मी म्हटलं, "ज्यांना तू बोलावणार आहेस त्यांच्या नवऱ्यांना मी अंघोळ घातलीय. आता माझ्या नवऱ्याला त्या घालणार? त्यापेक्षा तू पाणी तापव."

तिने पाणी तापवलं. तोंड मात्र चालूच होतं.

त्याला वेताने विणलेल्या फळीवर घेतलं. डोळ्यांवर अर्ध्या डॉलरची दोन नाणी ठेवली. हनुवटीखाली टेकू लावला. हा टेकू माझा आहे, हे निदान इथे तरी लिहून ठेवते. पूर्वी जबडा मिटवायला रुमाल डोक्यावरून बांधायचे. दाढ दुखत असल्यासारखा दिसायचा बिचारा मेलेला, आणि रुमाल सोडला की गालावर वळ. मी ऑरिनचा लाकूड आवळायचा शिकंजा पाहिला आणि म्हटलं, याचं पिल्लू करून दे. पितळी दांडी, खाली पाय छातीच्या हाडावर टेकतो, वर कातड्याची मऊ वाटी, मधे स्क्रू. कॉलर लावली की काही दिसत नाही. आता तीन राज्यांत 'ब्लॉजेट यांचा हनुवटी-टेकू' म्हणून विकला जातो. ब्लॉजेट म्हणजे ऑरिन, असं सगळे धरून चालतात. मीही ब्लॉजेट आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्क्रू किती फिरवायचा ते हातालाच कळतं. जास्त झाला तर माणूस रुसल्यासारखा दिसतो. ऑरिनचा मी दोन आटे कमी ठेवला, कारण काम करताना तो ओठ थोडे उघडे ठेवून शीळ घालायचा. मी रडले नाही. रडताना हात चुकतो.

मग त्याला तीन नंबरच्या पेटीत ठेवलं. मेलेल्याला गार ठेवायला त्याने केलेल्या बर्फाच्या पेट्यांपैकी ही तिसरी, आणि हीच त्याला पटलेली. बाहेरून अक्रोडाचं लाकूड, आतून जस्ताचा पत्रा, छातीपोटावर बर्फाचा कप्पा, खाली तोटी आणि तोटीखाली बादली. चेहऱ्यावर काच.

संध्याकाळी स्टेशनवर जाऊन जोथमला तार केली. बाबा गेले, ये, तू येईपर्यंत ठेवते. नेव्हाडातून इथे यायला सहा-सात दिवस लागतात. नऊ वर्षं आला नाही तो. आता येईल आणि बापाचा चेहरा बघेल. तोवर त्याच्या बापाला मातीत जाऊ देणार नाही. बस.


१ जुलै, मंगळवार

तारेचं उत्तर आलं. "पुरून टाका. मी निघालोय."

तारमास्तर हॅस्केलनी कागद देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. ड्रुसिलाने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "चला, म्हणजे प्रश्न मिटला. पोरानेच सांगितलं."

काही मिटलेलं नाही. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तो गेला तेव्हा दोन नंबरची पेटी होती, ती गळायची. त्याला वाटत असेल, जुलैचं ऊन, आईचे हाल होतील. लहानपणापासून असाच आहे, स्वतःसाठी काही मागायचं नाही. 'निघालोय' म्हणतो आहे ना? बापाला बघायचं नसतं तर कशाला निघाला असता?

बर्फवाला गॉटलीब रूल दोनदा येऊन गेला. सकाळी एक लादी, सूर्य कलल्यावर एक. त्याला म्हटलं, आठवडाभर लागेल. तो जर्मन माणूस, बोलण्याआधी टोपी काढतो. "या हिवाळ्यात नदी धड गोठलीच नाही, बाई. बर्फघरात भुशाखाली फार लाद्या उरलेल्या नाहीत." मी म्हटलं, "जेवढ्या आहेत तेवढ्या आण." तो बरं म्हणाला.


२ जुलै, बुधवार

सकाळी दार वाजलं. उंच टोपी, चकचकीत बॅग, स्वतःला प्रोफेसर स्प्रेग म्हणवणारा एक गृहस्थ. सिनसिनाटीहून आला होता. बॅगेत पितळी पंप, रबरी नळ्या आणि हिरव्या बाटल्यांत मढं टिकवायचं औषध. कुठून कळलं देव जाणे. कावळेसुद्धा इतक्या लवकर येत नाहीत.

"एक छोटा छेद, दोन बाटल्या, आणि महिनाभर काळजी नको. बर्फाचा जमाना संपला, बाईसाहेब. आपल्या दिवंगत पतींनाही हे पटलं असतं."

मी म्हटलं, "माझ्या दिवंगत पतीला काय पटलं असतं ते मला विचारा. तुम्ही त्याचं लोणचं घालणार, आणि वर मी तुम्हाला धन्यवाद द्यायचे?"

"हे विज्ञान आहे, बाई."

"असेल. जमाना संपेल तेव्हा संपेल. आज सकाळी तरी दार तिकडे आहे."

तो गेला, पण त्याचं ते वाक्य गेलं नाही. बादली ओतताना सारखं आठवत होतं. ऑरिन गेल्या हिवाळ्यात असंच काहीसं म्हणाला होता. बायबल सोसायटीच्या जेवणाहून परत येताना, घोडागाडीत. "केझाया, आपण बहुतेक शेवटचे." मी तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं.


३ जुलै, गुरुवार

आज तिसरा दिवस. ऑरिनचा नियम होता, तीन दिवस, फार तर चार. प्रत्येक घरी जाऊन तो हे सांगायचा, टोपी छातीशी धरून: "बर्फ वेळ थांबवत नाही, फक्त थोडा हळू चालवतो." विधवा ओरडायच्या, पाया पडायच्या, तो ऐकायचा नाही. मीही त्याच्या बाजूने बोलायचे. किती जणींना मीच समजावलं असेल, "आता जाऊ द्या हो."

त्या बायकांची आज मला आठवण येते आहे. मी शहाणपणाने बोलत होते आणि त्यांच्या घरात काय चाललं होतं याचा मला पत्ता नव्हता. तरीसुद्धा, ऑरिन, तुझा नियम आपल्याकडे येणाऱ्या लोकांसाठी होता. तुझ्यासाठी तू काही सांगून गेला नाहीस.

पाद्रीसाहेब व्हिटकॉम्ब आले होते. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, मग घसा खाकरला. "उद्या स्वातंत्र्यदिन. परवा सकाळी प्रार्थना ठेवू या का?"

"जोथम आला की ठेवू."

"आणि तो मंगळवारी आला तर?"

"मग मंगळवारी."

त्यांनी तिसरं बिस्किट घेतलं नाही. यावरून ते रागावले हे ओळखलं.


४ जुलै, शुक्रवार

काय दिवस गेला! माझा राग अजून उतरलेला नाही हे आधी सांगून ठेवते.

सकाळी बँड वाजला, मिरवणूक निघाली, भाषणं झाली. भाषणं संपल्यावर लोकांना काही करायला उरलं नाही, तेव्हा सगळे ऑरिनला बघायला आले. चाळीसएक माणसं. कोंबडी खाल्लेली, लिंबूसरबत प्यालेली, घामाने थबथबलेली, माझ्या बंद दिवाणखान्यात. पडदे मी उघडत नाही, ऊन आत येतं.

ड्रुसिला डोक्याशी उभी राहून रडत होती. आणि एकदम किंचाळली. "अगं बाई! श्वास घेतोय तो!"

मी वळून पाहिलं. काच धुरकट झाली होती. अगदी तोंडासमोर, ताटलीएवढा पांढरा डाग, आणि डाग वाढत होता.

मग जे झालं ते विचारू नका. लोहाराची बायको बसल्या जागी कोसळली. कोणी ओरडलं, "झाकण काढा!" कोणी म्हणालं, "त्याला बर्फात घालून मारलं हिने!" पाद्रीसाहेब गुडघ्यांवर बसले, ते प्रार्थनेसाठी की पाय गळाले म्हणून, ते मला सांगता येणार नाही. दोघेजण स्क्रूड्रायव्हर शोधायला कारखान्यात धावले. तेव्हा उघडलं असतं तर सगळा गारवा गेला असता आणि जोथमसाठी काही उरलं नसतं.

मी पेटीच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. ॲप्रनचं टोक धरलं आणि काच पुसली. बाहेरून. मग ते ओलं टोक त्यांच्या नाकासमोर धरलं.

"हे बघा! ओल बाहेर आहे, आत नाही. काच गार आहे आणि तुम्ही चाळीस जण इथे कोंबडी खाऊन धापा टाकताय. हा त्याचा श्वास नाही, तुमचा आहे! आलात ते ठीक, आता श्वास तरी घरी जाऊन सोडा."

कोणीतरी हसलं. हसू आलं की माणसं पांगतात. लोहाराच्या बायकोला व्हिनेगर हुंगवून उठवलं. ड्रुसिला जाताना म्हणाली, "तुला काळीज नाही, केझाया." मी म्हटलं, "आहे. ते तुझ्यासारखं किंचाळत नाही एवढंच."

ते सगळे दारूकाम बघायला नदीवर गेले. मी एकटीच पेटीशी बसले. थोड्या वेळाने काच पुन्हा धुरकट झाली. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणजे तो माझाच श्वास. मला हे माहीत होतं. चाळीस जणांना मीच ओरडून सांगितलं होतं. तरी मी काच पुसली नाही. डाग वाढतोय का, आपोआप कमी होतोय का, ते बघत बसले. मग लाज वाटली आणि पुसून टाकली.


५ जुलै, शनिवार

गावात आता माझंच नाव आहे. वाण्याच्या दुकानात गेले तर सगळे पिठाच्या पोत्यांवरचे शिक्के वाचायला लागले. मी मीठ घेतलं आणि मुद्दाम सावकाश घरी आले.

बर्फाच्या कप्प्यात मीठ घालताना जोथमची आठवण झाली. तो आठ वर्षांचा असताना ऑरिनने एक नंबरची पेटी जिल्ह्याच्या जत्रेत मांडली होती. रिकामी पेटी कोण बघणार? लोकांना आत काहीतरी दिसलं पाहिजे. तेव्हा जोथमला आत ठेवलं. खाली दोन घोंगड्या, कप्प्यात थोडासाच बर्फ, मागच्या बाजूला हवेला भोकं, सगळी काळजी घेतली होती. माझं बाळ इतकं गुणी, डोळे मिटून तास तास पडून राहायचं. तीन दिवस. हूं नाही की चूं नाही. बायका काचेवर वाकून रडायच्या, 'किती जिवंत वाटतं गं पोर!' म्हणायच्या. पहिलं बक्षीस मिळालं. ऑरिनने त्याला खांद्यावर बसवून सगळ्या जत्रेत फिरवलं. आमच्या तिघांचे इतके आनंदाचे दिवस दुसरे आठवत नाहीत.

आणि थंडीने त्याची प्रकृती सुधारलीच म्हणायची. तेव्हापासून तो हिवाळ्यातही खिडकी उघडी ठेवून झोपायचा, पांघरूण गळ्याच्या वर कधी घेतलं नाही. मोठा झाल्यावर मात्र त्याला कारखान्यात आणायचं म्हटलं की डोकं दुखायचं. अठराव्या वर्षी ऑरिनने पाटीवर 'ब्लॉजेट आणि मुलगा' असं रंगवून घेतलं, त्याच आठवड्यात तो गेला. चांदीच्या खाणींची हाव, दुसरं काय. त्या वर्षी अर्ध्या राज्यातली पोरं तिकडे पळत होती.


६ जुलै, रविवार

चर्चमध्ये गर्वावर प्रवचन. पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, त्यामुळे बाकी सगळ्यांनी पाहिलं. मी पहिल्या बाकावर बसले होते आणि शेवटचं भजन सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.


७ जुलै, सोमवार

आज खरं लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

पहाटेच्या गारव्यात काच उचलून चेहरा तपासला. कानामागे रंग बदलला आहे. नखंही. टेकूचा पाय छातीवर रुतायला लागला आहे आणि स्क्रू मला रोज अर्धा आटा वर घ्यावा लागतो, कारण जबड्याचा ताठा केव्हाच गेला. टेकू काढला तर तोंड उघडं पडेल. कानामागे पीठ आणि थोडी लाली लावली. बाहेरून बघणाऱ्याला कळणार नाही. मला कळतं. आठ दिवस मी त्याला त्याच्यासारखा ठेवला आहे, आणि आज पहिल्यांदा वाटलं की हा चेहरा मी बनवते आहे. मी चुकते आहे का? ऑरिन असता तर मला म्हणाला असता, आता जाऊ दे गं. तो नाही. तेच तर आहे.

अकरा वाजता गावच्या समितीचा कागद आला. उद्या दुपारी बारापर्यंत दफन, नाहीतर समिती स्वतः माणसं पाठवेल. खाली सात सह्या. त्यांतल्या चौघांच्या आयांना मी माझ्या हातांनी तयार केलंय. कागद चुलीत घालणार होते, मग तोटीखालच्या बादलीखाली ठेवला. जमीन भिजत होती, उपयोगी पडला.

गॉटलीब सूर्य कलल्यावर आला. आज पांढरी कॉलर लावून. बर्फ ओढायला कॉलर कशाला ते मला कळलं नाही. म्हटलं, "चर्चला गेला होतात का?" तो लाल झाला. मग म्हणाला, बर्फघरातला बर्फ संपला.

मी त्याच्या गाडीत डोकावले. एकच लादी होती.

"ही लादी माझ्या दूधघरातली आहे," तो म्हणाला. "अजून एक आहे. ती सकाळी आणतो."

"आणि तुमचं दूध?"

"नासेल. गायी उद्याही दूध देतील, ब्लॉजेटबाई."

माणूस चांगला आहे, पण धंद्याची अक्कल शून्य. कॉफी दिली. कपाकडेच बघत बसला होता. जाताना म्हणाला, "तुमचा मुलगा येईल. नाही आला तरी उद्या पेटी उचलायला मी आहे." मी म्हटलं, "येईल म्हणजे येईल." पण दार लावताना मला माझाच आवाज खोटा वाटला.


८ जुलै, मंगळवार

सगळं झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर नंतर मीच बदलून टाकीन.

साडेनऊच्या गाडीने जोथम आला. मी फाटकाशीच होते. दाढी वाढलेली, खांदे बापासारखे, चालही बापासारखी. मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. मग म्हणाला, "कुठे पुरलंय? आधी तिकडे जाऊ या."

"पुरलं नाही. तुझ्यासाठी ठेवलाय. आत ये."

तो पायरीवर थांबला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "आई, मी तारेत लिहिलं होतं."

"तुला माहीत नव्हतं. ही तीन नंबरची आहे, एक थेंब गळत नाही. बघ तर खरं, झोपल्यासारखा दिसतो."

त्याचा हात धरून दिवाणखान्याच्या दारापर्यंत आणला. त्याने पेटी पाहिली, काच पाहिली, आणि दाराची चौकट पकडली. सत्तावीस वर्षांचा माणूस, खाणीत जमिनीखाली काम करणारा, आणि त्याची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. मी काय काय सहन केलं ते सांगायला लागले. ड्रुसिला, समिती, तो लोणच्याचा प्रोफेसर, सगळं. तू बघावंस म्हणून, म्हटलं. फक्त एकदा येऊन वाकून बघ.

"काचेतून नाही बघणार."

"अरे पण..."

"आई, मी आत होतो." तो मोठ्याने बोलला नाही. "तुला आठवतं?"

"जत्रेत? आठवतं की! इतका शहाण्यासारखा..."

"माणसं वाकायची. त्यांचे दात दिसायचे. डोळे मिटायला सांगितलं होतं, पण मी पापणीच्या फटीतून बघायचो. मी श्वास सोडला की काच आतून धुरकट व्हायची. मग बाबा यायचे, झाकणावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, हळू घे रे श्वास, लोकांना दिसत नाही."

तो पेटीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की घ्यायचाच नाही. बराच वेळ घेतला नव्हता. तूच काच पुसत होतीस तेव्हा. हसलीस माझ्याकडे बघून."

"तू कधी बोलला नाहीस," मी म्हटलं.

"बोलायचं नाही असंच सांगितलं होतं ना."

मला त्या दिवसाचं काहीच आठवेना. काच पुसल्याचं आठवत नाही, हसल्याचंही नाही. आठवत होता तो फक्त खांद्यावर बसलेला जोथम आणि टाळ्या. एकोणीस वर्षं मी तेवढंच जपून ठेवलं होतं. मी माफी मागितली नाही. कुठला शब्द पुरला असता? मी स्क्रूड्रायव्हर आणला.

"काय करतेस?"

"बाहेर काढते. पण ऐकून घे. आठवा दिवस आहे. बर्फावरून काढल्यावर तासाभरात तो आपला राहणार नाही. मग मी काहीही केलं तरी उपयोग नाही."

"तासभर पुरे."

झाकण मी काढलं, काच मी काढली, बर्फाचा कप्पा दोघांनी मिळून उचलला. मग जोथमने कोट काढला, बाह्या वर केल्या, आणि बापाच्या खांद्यांखाली हात घातले. मी पाय धरले. आमच्या पलंगावर ठेवला, तो झोपायचा त्या बाजूला. चादर ओली झाली. खिडकी जोथमने सताड उघडली. ऊन, माश्या, रस्त्याचा आवाज, जे जे मी आठ दिवस बाहेर ठेवलं होतं ते सगळं आत आलं.

कॉलरखालच्या टेकूकडे त्याने बोट दाखवलं. "हे पण काढ."

"जोथम, जबडा पडेल. तुझ्या डोळ्यांसमोर पडेल. तसा नको बघूस त्याला. हे मी कोणालाच बघू दिलेलं नाही, कधीच, एकोणतीस वर्षांत..."

"काढ, आई."

मी स्क्रू सोडला. दांडी काढली. आणि पडला. कसं दिसतं ते मला चांगलं माहीत आहे. दुसऱ्यांच्या घरी हजारदा पाहिलं आहे, पण नवऱ्याचं तोंड असं उघडं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आठ दिवसांचं रडू तेव्हा आलं. मोठ्याने आलं, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

जोथम पलंगाच्या कडेला बसला. उजवा तळवा बापाच्या हनुवटीखाली घातला आणि हळूच वर घेतला. ओठ मिटले. पूर्ण नाही, थोडे उघडे राहिले, शीळ घालताना राहायचे तसे. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला आणि बापाशी बोलायला लागला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं. बाहेर आले.

बाराला पाच मिनिटं कमी असताना समितीची चार माणसं आली, पाद्रीसाहेब आले, मागून ड्रुसिला काळ्या टोपीत. गॉटलीब आधीच आला होता. त्याची शेवटची लादी आता लागणार नव्हती. ती अंगणात वितळत होती आणि तो तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. मी दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"पेटी मोकळी आहे," ड्रुसिला खिडकीतून बघून ओरडली. "केझाया, त्याला कुठे नेलंस?"

"त्याच्या पलंगावर आहे. त्याचा मुलगा जवळ आहे."

पाद्रीसाहेबांनी घड्याळ काढलं. समितीतल्या एकाने कागद काढला, मी चुलीत घालणार होते तसलाच दुसरा. "बारा वाजले, ब्लॉजेटबाई. नियम आहे."

"माहीत आहे. नियम याच घरातून निघालाय."

"मग केव्हा उचलायचं?"

मी वळून आत पाहिलं. बोळातून पलंगाची कड दिसत होती आणि जोथमचा दंड दिसत होता. इतका वेळ हात तसा धरून खांदा भरून आला असणार, दंड थरथरत होता. माश्या त्याच्या मनगटावर बसत होत्या आणि तो त्या झटकत नव्हता.

"तो हात काढेल तेव्हा," मी म्हटलं, आणि दार अडवून उभी राहिले.